तिचा आवाज तिचाच असू दे

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

कामं आवरून निवांत बसला असाल, नाहीतर हात कामात आणि कान रेडिओकडे असतील. कसंही ऐकलंत तरी चालेल, पण आज शेवटपर्यंत ऐका. विषय थोडा नवा आहे आणि आपल्या घराजवळचाही आहे.

दारावर थाप पडते. आपण आतून विचारतो, "कोण?" बाहेरून उत्तर येतं, "मी." नाव नाही, गाव नाही, नुसतं "मी". तरी आपण कडी काढतो. त्या एवढ्याशा शब्दातच आपल्याला कळलेलं असतं, की ही शेजारची काकू आहे, की धाकटी जाऊ, की माहेरून आलेला भाऊ. फोनवर लेक नुसतं "आई" म्हणाली तरी ती रडून बोलतेय की हसून, हे आपल्याला समजतं. शब्द तोच, पण आवाज सगळं सांगून जातो. चेहऱ्यासारखाच आवाजही ज्याचा त्याचा असतो.

आता ज्यांना बोलताच येत नाही, त्यांचा विचार करा. काही मुलांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असते. मेंदूकडून स्नायूंना जाणारा निरोप नीट पोहोचत नाही, म्हणून हातपाय, जीभ, ओठ हवे तसे हलत नाहीत. काहींची वाचा लकव्याने जाते. काहींना एएलएससारखा आजार होतो, त्यात शरीराचे स्नायू एकेक करून थकत जातात. काहींचं स्वरयंत्र घशाच्या कॅन्सरमुळे काढावं लागतं. यातल्या कितीतरी जणांना आपलं बोलणं पूर्ण समजत असतं. मनात सगळं असतं, फक्त ते तोंडावाटे बाहेर येत नाही. आणि आपण त्यांना काय म्हणतो? "मुकी आहे, तिला काय कळतंय." कळतं, बायांनो. आपण तिच्यासमोर तिच्याबद्दल जे जे बोलतो, ते सगळं ती ऐकत असते.

अशा माणसांसाठी बोलकी यंत्रं निघाली आहेत. यंत्र म्हणजे फार मोठं धूड नव्हे. पुष्कळदा तो साधा टॅब किंवा मोबाईलच असतो. पडद्यावर चित्रं असतात: पाणी, जेवण, शाळा, दुखतंय, नको, बाहेर जाऊ या. बोट लावलं की यंत्र तो शब्द मोठ्याने म्हणतं. लिहिता येत असेल तर अक्षरं जुळवून वाक्य करायचं आणि यंत्राकडून बोलवून घ्यायचं. ज्यांचा हातही हलत नाही, त्यांच्यासाठी डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी यंत्रंही आहेत.

इथपर्यंत सगळं चांगलंच आहे. पण प्रश्न पुढे आहे. हे यंत्र बोलतं, ते कुणाच्या आवाजात?

स्टीफन हॉकिंग या शास्त्रज्ञाचं नाव तुमच्या मुलांनी ऐकलं असेल. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी विश्वाचा अभ्यास केला. त्यांना एएलएसच्या जातीचा आजार होता. १९८५ साली न्यूमोनिया झाला, श्वासासाठी गळ्याला छिद्र करावं लागलं आणि उरलासुरला आवाजही गेला. पुढे ते यंत्राच्या मदतीने बोलू लागले. त्या यंत्रातला आवाज अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले संशोधक डेनिस क्लॅट यांनी तयार केला होता, आणि तो घडवला होता स्वतःच्याच आवाजावरून. क्लॅट यांनी बाईचा आवाज घडवला तो बायकोच्या आवाजावरून आणि लहान मुलाचा घडवला तो लेकीच्या आवाजावरून. म्हणजे घरातल्या तीन माणसांच्या आवाजांवर पुढे किती अनोळखी माणसं बोलली! क्लॅट यांना थायरॉइडचा कॅन्सर झाला आणि १९८८ साली ते गेले. त्यांचा आवाज मात्र हॉकिंग यांच्या यंत्रातून पुढे तीस वर्षं बोलत राहिला.

हॉकिंग होते इंग्लंडचे आणि यंत्राचा आवाज होता अमेरिकन धाटणीचा. आपल्याकडे कोल्हापूरच्या माणसाने नागपूरच्या ढंगात बोलावं, तसं. पुढे त्यांना यापेक्षा चांगले आवाज देऊ केले गेले, पण त्यांनी तोच ठेवला. जग आपल्याला याच आवाजाने ओळखतं, आता हाच माझा आवाज, असं त्यांचं म्हणणं होतं. हे लक्षात ठेवा. कोणता आवाज ठेवायचा, हे त्यांनी स्वतः ठरवलं.

सगळ्यांच्या वाट्याला ही निवड येत नाही. अमेरिकेत बॉस्टन शहरातल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात रुपल पटेल नावाच्या प्राध्यापिका आहेत. बोलण्याच्या अडचणी हा त्यांचा अभ्यासाचा विषय. एकदा त्या अशा यंत्रांच्या प्रदर्शनाला गेल्या होत्या. तिथे एक लहान मुलगी आणि एक मोठा पुरुष आपापल्या यंत्रांवरून एकमेकांशी गप्पा मारत होते. दोघांची यंत्रं वेगळी होती, पण आवाज मात्र एकच! आजूबाजूला पाहिलं तर शेकडो माणसं होती आणि सगळ्यांत मिळून आवाज मोजकेच.

डोळ्यांपुढे आणून पाहा. समजा तुमच्या वाडीत चौदा वर्षांची एक मुलगी आहे. मनाने अल्लड, मैत्रिणींत रमणारी. ती यंत्रावर बोट ठेवते आणि आतून चाळीस वर्षांच्या पुरुषाचा आवाज येतो, "मला पण तुमच्यात खेळायला घ्या." बाकीच्या पोरी हसणार. दोनदा हसल्या की तिसऱ्यांदा ती यंत्राला हातही लावणार नाही. मग घरचे म्हणणार, "एवढं महागाचं आणून दिलं, पण ही वापरतच नाही."

जयपूर फूट तुम्हाला माहीत आहे. पाय गेलेल्या माणसासाठीचा तो रबरी पाय. आपल्या लोकांना तो का मानवला? तो घालून अनवाणी चालता येतं, शेतात जाता येतं, उकिडवं बसता येतं. आपल्या जगण्याला तो बसतो. आणि पाय देताना माणसाचं माप घेतातच. मोठ्या माणसाचा पाय लहान पोरीला कुणी लावत नाही. मग आवाज देताना माप का घेऊ नये? पटेलबाईंनी हाच प्रश्न हाती घेतला.

त्यांनी काय केलं ते समजायला आपण एक छोटा प्रयोग करू. हात रिकामा असेल तर दोन बोटं गळ्यावर ठेवा आणि लांब "आऽऽ" म्हणा. बोटांना थरथर जाणवली? आता सापासारखं नुसतं "स्स्स" करा. थरथर थांबली. गळ्यात स्वरतंतू नावाच्या दोन नाजूक पट्ट्या असतात. छातीतली हवा वर येते, पट्ट्या थरथरतात आणि सूर निघतो. भजनाच्या पेटीचा भाता दाबला की आतली पितळी पट्टी वाजते ना, तसंच हे. पण नुसता सूर म्हणजे बोलणं नव्हे. त्या सुराला जीभ, ओठ, टाळू, दात मिळून घडवतात, तेव्हा "क" होतो, "म" होतो, "आई" होते.

म्हणजे बोलण्याचे दोन भाग झाले. एक गळ्यातला सूर, दुसरं तोंडातली घडण. सेरेब्रल पाल्सीसारख्या त्रासात पुष्कळदा घडण बिघडते, पण सूर शाबूत असतो. अशा मुलाला "पाणी" म्हणता येत नाही, पण "आऽऽ" म्हणता येतं. तो सूर वर नेता येतो, खाली आणता येतो, मोठा-लहान करता येतो. आईला विचारा. त्या नुसत्या "आऽऽ" वरून ती सांगेल, लेकराला भूक लागलीय की राग आलाय. त्या सुरात त्याची ओळख असते.

पटेलबाईंनी हाच धागा पकडला. ज्याला बोलता येत नाही, त्याच्याकडून त्याचा सूर घ्यायचा. तो थोडासा असला तरी चालतो. मग त्याच्याच वयाचा, त्याच्याच अंगलटीचा, त्याच भागातला, नीट बोलू शकणारा माणूस शोधायचा आणि त्याच्याकडून तोंडातली घडण घ्यायची. या दुसऱ्या माणसाला म्हणायचं आवाजदाता. रक्तदाता असतो, तसाच. त्याने शांत खोलीत बसून साधी साधी वाक्यं वाचायची. सुरुवातीला हे काम तीन-चार तासांचं होतं. मग संगणक त्या वाचनाचे बारीक तुकडे करतो, त्यात दुसऱ्याचा सूर मिसळतो आणि हवं ते नवं वाक्य जोडतो. आपण वाकळ शिवतो तसं. जुन्या लुगड्यांचे तुकडे, पण शिवून झाल्यावर पांघरूण नवंच होतं. दात्याने जे वाक्य कधी उच्चारलंच नाही, तेही त्यातून बोलता येतं. आणि ऐकणाऱ्याला तो दात्याचा आवाज वाटत नाही. ज्याचा सूर, त्याचाच तो वाटतो.

या कामाबद्दल त्या २०१३ साली एका मोठ्या सभेत बोलल्या आणि २०१४ साली त्यांनी व्होकलआयडी नावाची कंपनी काढली. जगभरच्या हजारो लोकांनी बसून वाक्यं वाचली आणि आपला आवाज दिला. रक्त दिलं की काही दिवसांत भरून येतं. इथे भरून येण्याचाही प्रश्न नाही, कारण आवाज देऊन कमी होतच नाही.

असा आवाज मिळालेल्या एका मुलाची गोष्ट त्यांनी सांगितली होती. नवा आवाज ऐकून त्याची आई म्हणाली, की माझ्या लेकराला बोलता आलं असतं तर ते असंच बोललं असतं. मुलाने यंत्रावर लिहिलं, की याआधी त्याने स्वतःला कधी ऐकलंच नव्हतं. विचार करा मैत्रिणींनो, इतकी वर्षं तो सगळ्यांना ऐकत होता. फक्त स्वतःला ऐकायचं राहिलं होतं.

ही झाली ज्यांना जन्मापासून बोलता येत नाही त्यांची गोष्ट. आता ज्यांचा आवाज नंतर जातो, त्यांच्याकडे येते. इथे आपण सगळ्यांनी कान टवकारून ऐकायचं आहे, कारण हे कुठल्याही घरात घडू शकतं.

अमेरिकेत रॉजर एबर्ट नावाचे सिनेमावर लिहिणारे नामांकित लेखक होते. जबड्याच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियांनंतर २००६ साली त्यांचा आवाज गेला. पण त्यांनी पूर्वी सिनेमांवर केलेलं तासन्‌तास बोलणं ध्वनिमुद्रित झालेलं होतं. स्कॉटलंडमधल्या सेरेप्रॉक या कंपनीने त्या जुन्या बोलण्यावरून त्यांचा यंत्रातला आवाज घडवला. २०१० साली त्यांच्या पत्नीने तो टीव्हीच्या कार्यक्रमात ऐकला, तेव्हा तिला रडू आवरलं नाही. त्यांना हे मिळालं कारण ते प्रसिद्ध होते आणि त्यांचा आवाज आधीच जपलेला होता.

आपल्या घरातल्या बाईचा आवाज कुठे जपलेला असतो? लग्नाच्या व्हिडिओत बॅंडबाजाच असतो. ती बोलते चुलीपाशी, विहिरीवर, गटाच्या बैठकीत, आणि तो आवाज वाऱ्यावर जातो. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या बाया कमी नाहीत. पुरुषांचं तर विचारूच नका. तंबाखूने तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर होतो, हे आशाताई सांगून दमल्या. मिश्री सोडणं हा पहिला उपाय, तो मी आजही सांगते. पण एखाद्याला आजार झालाच आणि डॉक्टर म्हणाले, की स्वरयंत्र काढावं लागेल किंवा जिभेवर शस्त्रक्रिया करावी लागेल, तर ऑपरेशनच्या तारखेआधी एक काम करा. त्या माणसाचा आवाज ठेवून घ्या.

याला मोठं यंत्र लागत नाही. घरातला साधा स्मार्टफोन पुरतो. त्यात आवाज ध्वनिमुद्रित करायची सोय असते. कसं करायचं ते सांगते, लिहून घेतलंत तर उत्तम.

खोली शांत हवी. पंखा बंद, टीव्ही बंद, कोंबड्या बाहेर. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर स्थिर ठेवा. एका वेळी दहा-पंधरा मिनिटंच बोलायचं, घसा दुखेपर्यंत नाही. पहिल्यांदा घ्या रोजचे शब्द, अगदी तिच्या तऱ्हेने: मुलांच्या हाका, नवऱ्याला मारायची हाक, "जेवलास का रे?", "दिवा लाव गं", "सावकाश जा", "पोचलीस की फोन कर". तिचं हसणं, तिचं रागावणं, नातवाला लाडाने म्हणायचं ते टोपणनाव. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात जॉन कॉस्टेलो नावाचे वाचातज्ज्ञ हीच पद्धत शिकवतात. माणसाचे स्वतःचे शब्द, स्वतःच्या ठसक्यात, आवाज आहे तोवर साठवून ठेवायचे आणि मग बोलक्या यंत्रातल्या चित्रांना जोडायचे. नंतर यंत्रावर बोट ठेवलं की "जेवलास का रे?" तिच्याच आवाजात उमटतं.

त्यानंतर घ्या सलग बोलणं. वाचता येत असेल तर वर्तमानपत्र वाचू द्या, हेच मासिक वाचू द्या. वाचता येत नसेल तर कुणीतरी एकेक वाक्य सांगावं आणि तिने ते म्हणावं, किंवा तिने बालपणाच्या गोष्टी सांगाव्यात. पुढे कधी तिचा यंत्रातला आवाज घडवायचा झाला, तर हेच बोलणं कामी येईल. सगळं झालं की एक प्रत फोनमध्ये आणि दुसरी वेगळ्या ठिकाणी ठेवा. एकच फोन पाण्यात पडला तर सगळंच जाईल.

आणि दवाखान्यात आणखी एक विचारा: "स्पीच थेरपिस्ट कधी भेटतील?" ऑपरेशननंतर नुसतं यंत्रच असतं असं नाही. गळ्यात बसवायचा छोटा व्हॉल्व्ह असतो, गळ्याला टेकवून बोलायचं बॅटरीवरचं उपकरण असतं. कुणाला काय चालेल, हे तेच सांगतील. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या अडचणींसाठीच असलेली ही केंद्र सरकारची संस्था आहे.

आता तुम्ही विचाराल, "ताई, हे सगळं इंग्रजीत असेल. आमच्या मराठीत काय?" प्रश्न रास्त आहे. २०२३ साली अॅपल कंपनीने आपल्या फोनमध्ये अशी सोय दिली, की तेव्हा दीडशे वाक्यं वाचली की फोन तुमच्यासारखा आवाज घडवायचा. पण सुरुवात इंग्रजीतच झाली. यंत्र जे ऐकतं तेच शिकतं. ज्या भाषेतल्या बोलण्याचे ढीग साठलेले आहेत, ती भाषा त्याला आधी येते.

तरीही मराठीत काहीच नाही, असं नाही. आयआयटी मुंबईत जेलो नावाचं अॅप तयार झालं आहे. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी ते चित्रांवर चालतं, फुकट आहे आणि मराठीतही आहे. त्यातला आवाज ठरलेला असतो, त्या मुलीचा स्वतःचा नसतो. पण सुरुवात करायला ते पुष्कळ आहे. केंद्र सरकारच्या भाषिणी उपक्रमात भाषादान नावाचा भाग आहे. तिथे कुणीही आपल्या भाषेतली वाक्यं वाचून आवाज देऊ शकतं. त्यातून लगेच कुणा एकीचा खास आवाज होत नाही, पण यंत्राला मराठी शिकवायला ते बोलणं लागतं. आणि तिथे फक्त शहरातल्यांनीच वाचलं, तर यंत्र पुस्तकीच बोलणार. वऱ्हाडातल्या पोरीला वऱ्हाडी वळण, खानदेशातलीला अहिराणीचा ठसका, कोकणातलीला मालवणी हेल हवा असेल, तर तसं बोलणाऱ्या बायांचा आवाज आधी कुठेतरी जमा व्हायला हवा.

हे आपल्याला जमणार नाही, असं म्हणू नका. जात्यावरच्या ओव्या आठवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून, बायांशी बोलून, लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या त्या बाईच्या आवाजात ऐकायला मिळतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांचा आवाज जपण्यासारखा आहे, हे तिथे कधीच सिद्ध झालं आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. पहिली फसवणुकीची. थोड्याशा बोलण्यावरून खोटा आवाज घडवणारी यंत्रंही आता आली आहेत. "आई, मी अडचणीत आहे, लगेच पैसे टाक," असा लेकाच्या आवाजात फोन येतो आणि माणसं फसतात. म्हणून घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. असा फोन आला तर तो शब्द विचारा, फोन ठेवा आणि लेकाच्या नेहमीच्या नंबरवर आपण स्वतः फोन करा. आणि कुणाचाही आवाज त्याला न विचारता घेऊ नका, कुणाला देऊ नका. आजारी बाईलाही आधी विचारा. ती नको म्हणाली तर नको.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. यंत्र दिलं, आवाज दिला, पण त्यात शब्द कोणते घातले? बहुतेक ठिकाणी मोठी माणसं ठरवतात: पाणी, जेवण, शू, धन्यवाद, नमस्कार. सगळे शहाण्या मुलीचे शब्द! "नको" कुठे आहे? "हात लावू नको" कुठे आहे? "मला हा माणूस आवडत नाही" कुठे आहे? शरीराच्या सगळ्या भागांची नावं कुठे आहेत? जिला सांगता येत नाही, तिला त्रास देणाऱ्याला भीती वाटत नाही, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून हे शब्द यंत्रात पहिल्या दिवसापासून हवेत. बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो आणि ती साक्ष तोंडी साक्षीसारखीच धरली जाते, हे आपल्या कायद्यातच आहे. गरज पडली तर कोर्ट दुभाषा किंवा विशेष शिक्षकाची मदत घेतं. मग घरात आणि गावात तिचं म्हणणं आपण का मानू नये? आवाज द्यायचा तर तो "हो" म्हणणाराच नको, "नाही" म्हणणाराही हवा. भांडणारा, थट्टा करणारा, रुसणारा हवा. तेव्हाच तो तिचा झाला.

आणि तो ऐकायला आपल्याला थांबता यायला हवं. आपण मिनिटाला शंभर-दीडशे शब्द सहज बोलतो. यंत्रावर बोलणाऱ्याचे मिनिटाला दहा-पंधरा शब्द होतात, कधी त्याहूनही कमी. तेवढ्या वेळात आपला धीर सुटतो. आपणच तिचं वाक्य पुरं करतो, किंवा तिच्याऐवजी तिच्या आईला विचारतो, "काय म्हणतेय ही?" असं करू नका. तिच्याकडे बघा, तिलाच विचारा आणि गप्प बसा. ती जुळवतेय. तिचं यंत्र तिला न विचारता उचलू नका. ते उचलणं म्हणजे तिच्या तोंडावर हात ठेवणं.

तर पुढच्या बैठकीत, कर्जाचा हिशेब झाल्यावर, अर्धा तास काढा. आपल्या गावात, वाडीवस्तीवर बोलता न येणारं कोण आहे, याची आठवण करा. अशी मुलं पुष्कळदा आतल्या खोलीत असतात, म्हणून अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना सोबत घ्या. त्या घरी जा. टॅब नसला तरी अडत नाही. जुन्या पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून तक्ता करा आणि मुलीला बोट किंवा नजर लावून दाखवू द्या. चित्रं तिलाच निवडू द्या. ज्या घरी घशाच्या ऑपरेशनची तारीख ठरलीय, तिथे फोन घेऊन एकीने जायचं आणि बाकीच्यांनी त्या दिवसाचं तिचं काम वाटून घ्यायचं. आणि ज्यांना वाचायला आवडतं, त्यांनी मराठीसाठी चार वाक्यं वाचून आपला आवाज द्यायचा, आपल्या गावच्या वळणात, अजिबात न सुधारता.

तुमच्या गावात असं कुणी असेल, तुम्ही तक्ता केला असेल किंवा कुणाचा आवाज जपून ठेवला असेल, तर रेडिओला जरूर कळवा. आणि शक्य झालं तर त्या मुलीलाच आपल्या कार्यक्रमात घेऊन या. एका वाक्याला तिला पाच मिनिटं लागली तरी चालतील. आपण सगळ्याजणी थांबून ऐकू.